लाल रेघ मारलेलं संदर्भांचं पान

पत्र असं आहे :

"ताई, मी हिंगोली जिल्ह्यातली. नांदेडला खोली करून एम.ए. करते. लघुप्रबंधाचा विषय घेतलाय, संत नामदेव : मराठी गाथेतले आणि गुरू ग्रंथ साहिबातले. पहिलं प्रकरण सरांना दिलं. त्यांनी सरळ शेवटचं पान उघडलं, संदर्भांच्या यादीवर लाल पेननं उभी रेघ मारली आणि म्हणाले, 'यूट्यूब, विकिपीडिया, फॉरवर्ड. हे काय संदर्भ झाले? पुण्याला जाऊन महिनाभर बस.' यंदा सोयाबीन पाण्यात गेलं. घरी कोणत्या तोंडानं पैसे मागू? माझ्याकडं एक फोन आणि रोजचा दीड जीबी नेट एवढंच आहे. त्यात आजोबा माळकरी. ते म्हणतात, 'आपले नामदेव पंढरीचे. पंजाबात गेले ते कोणी दुसरे असतील.' एका वेबसाइटवर तसंच लिहिलेलं सापडलं, दुसरीवर नेमकं उलटं. आता एक ओळ लिहायची तरी भीती वाटते. आजोबांकडं लाल फडक्यात बांधलेलं अभंगांचं जुनं बाड आहे, त्याचा काही उपयोग होईल का? ता.क. रूममेटचा विषय बौद्ध धम्माचा आहे, तिलाही दोन ओळी सांगा."

पोरी, तुझे सर अर्धे बरोबर आहेत. यादीबद्दल बरोबर, पुण्याबद्दल नाही.

पुण्याचं आधी सांगते, कारण ते मी भोगलंय. तीसेक वर्षांपूर्वी एका कोशातली एकच नोंद बघायला मी परभणीहून रात्रीच्या लाल डब्यानं पुण्याला गेले होते. सकाळी तोंड धुऊन एका मोठ्या ग्रंथालयाच्या दारात उभी राहिले, तर दारावर पाटी : पुस्तकमोजणीसाठी आठ दिवस बंद. चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. तोच कोश आज माझ्या नातवाच्या फोनवर उघडतो. म्हणून पुण्याला मुळीच जाऊ नको असं मी म्हणत नाही. काय बघायचंय ते पक्कं ठरल्यावर दोन दिवस जा. काय शोधायचं ते न ठरवता महिनाभर बसलीस तर नुसती खानावळ पोसशील.

आता यादीचं. यूट्यूबवरचं कीर्तन वाईट म्हणून सरांनी खोडलं असं समजू नकोस. तू त्याला चुकीच्या जागी साक्षीला उभं केलंस. कोणताही कागद, कोणतीही वेबसाइट पुढं आली की एकच विचारायचं : हा कशाचा साक्षीदार? गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेलं कीर्तन हे आज नामदेवांविषयी काय सांगितलं जातं याचा उत्तम पुरावा आहे. नामदेव अमुक साली अमुक गावी होते, याचा ते पुरावा होऊ शकत नाही. फॉरवर्डला ना कर्ता ना तारीख, म्हणून तो कशाचाच साक्षीदार नाही. विकिपीडिया वाच, खुशाल वाच, पण खालच्या तळटीपांकडं जाण्यासाठी. नाव यादीत त्या तळटीपेतल्या ग्रंथाचं येईल, आणि तेही तू तो उघडून बघितल्यावरच.

फोनवर सुरुवात मराठी विश्वकोशापासून कर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केलेला हा कोश आता पूर्णपणे आंतरजालावर फुकट आहे. आपली मुलं नोंद वाचतात आणि मजकूर संपला की पान बंद करतात. खरा माल त्याच्या खाली असतो. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याच नोंदींखाली 'संदर्भ' म्हणून ग्रंथांची छोटी यादी असते, आणि मजकुरात मधेमधे बाण काढून दुसऱ्या नोंदीकडं पाठवलेलं असतं. नामदेवांवरून वारकरी संप्रदायाकडं, तिथून शीख धर्माकडं, असं त्या बाणांनी फिर. एका दुपारी तुझ्या वहीत पंधरा-वीस ग्रंथांची नावं जमा होतील. ती तुझी पहिली खरी यादी.

मग श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. तोही आंतरजालावर आहे. तो १९२०च्या दशकातला, हे मात्र विसरू नकोस. त्यातली मतं त्या काळची आहेत, काही ठिकाणी वाचताना ठेच लागेल. पण एकाच विषयावरची केतकरांची नोंद आणि विश्वकोशातली नोंद शेजारी-शेजारी ठेवून वाच. मधल्या पन्नासेक वर्षांत अभ्यासकांचं काय बदललं ते तुझं तुलाच दिसेल, आणि तेवढ्यावर प्रकरणातला एक परिच्छेद निघेल. पंडित महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश दहा खंडांचा आहे. तो कागदावरच वाच, जुन्या कॉलेजांच्या संदर्भ विभागात सापडतो. कपाटाला कुलूप असलं तर किल्ली मागायला लाजू नकोस. आम्ही ग्रंथपाल कुलूप लावतो ते सवयीनं, रागानं नाही.

इंग्रजीत जायचं झालं तर जेम्स हेस्टिंग्ज यांनी संपादलेला धर्म आणि नीतीचा बारा खंडांचा कोश इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहे. १९०८पासून निघू लागलेला, म्हणजे तोही आपल्या काळाचा साक्षीदार. लिहिणारे बरेचसे मिशनरी आणि गोरे प्राध्यापक. मीर्चा एलियाद यांच्या संपादनाखाली १९८७ साली निघालेला सोळा खंडांचा धर्मकोश त्याहून पुष्कळ समतोल आहे, पण त्याचे हक्क अजून चालू आहेत. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघ. टेलिग्रामवर कोणी फाइल दिली तरी तिच्या भरवशावर पृष्ठक्रमांक देऊ नकोस. अशा फायलींत पानं गळालेली असतात, आणि परीक्षक नेमकं तेच पान काढून बघतो. हा नियमच आहे म्हण.

शब्दकोशांविषयी मी जरा लांब बोलणार आहे, कारण धर्माच्या अभ्यासात माणसं सगळ्यांत जास्त शब्दांवर आपटतात. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियाई भाषांचे शब्दकोश आंतरजालावर ठेवलेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. तिन्ही फुकट, आणि पान हलकं असल्यानं दीड जीबीत महिनाभर पुरतील. संतांचा कोणताही शब्द ओळखीचा वाटला की आधी संशय घ्यायचा. 'उदास' घे. आज उदास म्हणजे खिन्न. तुकोबा 'उदास विचारें वेच करी' म्हणतात तेव्हा रडत-रडत पैसे खर्च करा असं सांगत नाहीत, आसक्ती न ठेवता करा म्हणतात. माझ्या बघण्यात एका लघुप्रबंधात या ओळीवरून संतांच्या नैराश्यावर चार पानं लिहिलेली होती. गाइडनंही सही केलेली. त्या मुलानं कोश उघडला असता तर चार पानं वाचली असती, वाचणाऱ्याचीही.

आता तुझ्या विषयाच्या गाभ्याकडं येऊ. गुरू ग्रंथ साहिब हा डिजिटल अभ्यासासाठी जवळजवळ आदर्श ग्रंथ आहे. छापील प्रत सगळीकडं एकसारखी, १४३० पानांची. पानाला 'अंग' म्हणतात, कारण ग्रंथ हाच गुरू मानलाय, आणि तो मान तुझ्या नांदेडातच १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी दिला. तूही प्रबंधात 'पान' लिहू नकोस, 'अंग' लिही. अंग क्रमांक दिलास की अमृतसरचा माणूस असो की कॅनडातला, तीच ओळ त्याच जागी काढून बघू शकतो. संपूर्ण ग्रंथ शोधता येईल अशा वेबसाइटी आहेत, त्यांत गुरुमुखीबरोबर देवनागरी आणि इंग्रजी अर्थही मिळतो. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. आणि शोधताना 'संत नामदेव' घालू नकोस, तिकडं ते 'भगत नामदेव' आहेत. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठानं हरबन्स सिंग यांच्या संपादनाखाली काढलेला शीख धर्माचा चार खंडांचा कोश आहे, तोही याच नावानं धुंडाळ.

आज रात्री अंग ४८५ उघड. राग आसा. तिथं ओळ आहे, "आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ". पुढं "बीठलु भैला" येतं. मोठ्यानं वाच. आनीले, भराईले, बीठलु. गुरुमुखीतल्या ग्रंथात कोणी घरचं माणूस बोलल्यासारखं वाटतं की नाही? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण काटा हा पुरावा नव्हे. 'भैला'सारखी ल-कारान्त रूपं भोजपुरीकडंही आहेत, तेव्हा 'हे बघा, मराठीच' असं घाईनं लिहू नकोस. 'मराठीशी जुळणारी रूपं दिसतात' एवढंच लिही आणि जुन्या मराठीच्या कोशातला दाखला दे. साक्षीदाराची तारीखही सांग. गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचं, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाच्या पहिल्या रूपाचं, संकलन १६०४ साली पुरं केलं. नामदेवांचा काळ परंपरेनं १२७० ते १३५० धरला जातो. म्हणजे हा साक्षीदार नामदेवांनंतर अडीचशे वर्षांनी बोलतोय. तरी त्याचं वजन मोठं, कारण तारीख नक्की आहे आणि त्यानंतर नवव्या गुरूंच्या रचनेची भर सोडली तर मजकुराला फारसा हात लागलेला नाही.

आपल्या मराठी गाथेचं तसं नाही. शासनानं १९७० साली, नामदेवांच्या सातशेव्या वर्षी, गाथा काढली. त्याआधीच्या आणि नंतरच्या गाथा वेगळ्या, अभंगांची संख्या वेगळी आणि क्रमांकही वेगळे. म्हणून 'नामदेव गाथा, अभंग अमुक' असा संदर्भ अर्धवट आहे. कोणती गाथा, कोणतं साल, हे प्रत्येक वेळी लागतंच. दुसरं, 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा लावणारे एकच नव्हते. विष्णुदास नामा म्हणून एक कवी नंतरच्या काळात होऊन गेला आणि त्याची रचना गाथांमध्ये मिसळली, हे अभ्यासकांनी कधीचं दाखवलंय. आजोबा 'दुसरे असतील' म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही, बघ. फक्त दुसरा नामा पंजाबातच शोधायला हवा असं नाही, तो आपल्याच गाथेतही बसलेला आहे.

तू म्हणतेस दोन वेबसाइटी दोन तोंडांनी बोलतात. बोलू देत. कोणत्याही धार्मिक वेबसाइटवर आधी 'आमच्याविषयी' हे पान उघड. देवस्थानाची आहे, पंथाची आहे, प्रकाशकाची आहे की विद्यापीठाची? पंथाची वेबसाइट मूळ पाठासाठी बहुतेक वेळा चांगली असते, कारण ती माणसं श्रद्धेनं काना-मात्रा तपासतात. पण काळ, जात, जन्मगाव, कोण कोणाचा शिष्य, हे विषय निघाले की तिलाही पक्षकार समज. विद्यापीठाची वेबसाइट तारखांसाठी बरी, पण वारीला गेल्यावर माणसाला काय वाटतं ते तिला कधी-कधी अजिबात कळत नाही. एक नामदेव की दोन, याचा निकाल लावणं एम.ए.च्या लघुप्रबंधाचं कामच नाही. कोण काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि तो आधार किती जुना, एवढं मांड. भीती त्यानंच जाईल.

जन्मगावाचं निघालंच तर शोधताना एक गोम लक्षात ठेव. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी त्याआधी परभणी जिल्ह्यात होतं. जुन्या ग्रंथांत 'हिंगोली जिल्हा' टाकून शोधशील तर हाती भोपळा. आणि इंग्रजी अमदानीतलं मुंबई इलाख्याचं जाडजूड गॅझेटिअर बघून 'आपल्या भागाचं काहीच नाही' म्हणून हताश होऊ नकोस. आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच, निजामाकडं होतो. इम्पीरिअल गॅझेटिअरचा हैदराबाद संस्थानावरचा १९०९चा खंड बघ, आणि स्वातंत्र्यानंतरचं परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर. या एका गोष्टीवाचून मराठवाड्यातली कितीतरी पोरं मी रिकाम्या हातानं परत जाताना बघितलीत.

शोधण्याच्या आणखी काही खोडी सांगते, त्या कोणत्या पुस्तकात मिळायच्या नाहीत. जुन्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार आहेत, १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. तेव्हा 'नाव' सापडलं नाही तर 'नांव' टाक, 'घरात'ऐवजी 'घरांत', 'नामदेवाने'ऐवजी 'नामदेवानें'. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत आपले नामदेव संस्कृत वळणानं अकारान्त लिहितात, म्हणजे रोमन लिपीत शेवटी आणि मधे जादा 'ए' येतो (Namadeva). जुने इंग्रज 'नामदेव'च्या शेवटी 'ईओ' लिहायचे (Namdeo), आणि आपलं नेहमीचं Namdev आहेच. तिन्ही वळणांनी शोध. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो मराठी पुस्तकं आहेत, पण त्यांची शीर्षकं रोमन अक्षरांत मनाला येईल तशी टंकलेली आहेत, एकाच शब्दात दोन-दोन 'ए' आणि दोन-दोन 'आय'. ग्रंथकाराच्या रकान्यात कधी प्रकाशकाचं नाव, कधी नुसतंच 'नाही'. वैतागू नकोस. पुस्तक उघडून मुखपृष्ठाच्या आतलं पान वाच आणि साल, आवृत्ती तिथून उतरून घे. शके असेल तर ७८ मिळव. स्कॅनच्या आत शब्द शोधायची सोय जोडाक्षरांवर अडखळते, म्हणून 'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' असं धरू नकोस, अनुक्रमणिका डोळ्यांनी वाच. आणि शंभर एमबीची फाइल खोलीवर उतरवू नकोस, पानं तिथंच चाळ. उतरवायचीच तर कॉलेजच्या वायफायवर.

कॉलेजचं नाव निघालं म्हणून : तुमच्या ग्रंथपालांकडं एन-लिस्ट आहे का ते विचार. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही योजना महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं देते. विद्यार्थ्याचं खातं ग्रंथपालांनीच उघडून द्यायचं असतं आणि पुष्कळ ठिकाणी कोणी मागत नाही म्हणून कोणी उघडत नाही. १ जानेवारी २०२५पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही केंद्राची योजनाही सुरू झालीय, सरकारी विद्यापीठांना मोठमोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं त्यातून मिळतात. तुझं कॉलेज त्यात बसत नसलं तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बस, रिक्षाच्या पैशात काम होईल. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या वेबसाइटवर स्वतःचं फुकट खातं उघडलंस तरी दर महिन्याला काही लेख वाचता येतात. अमेरिकेतल्या धर्मशास्त्र-ग्रंथालयांच्या संघटनेची अॅटला नावाची लेखसूची धर्माभ्यासात फार नावाजलेली आहे, पण ती विकतची. तिची मुळं ख्रिस्ती धर्मशास्त्रात आहेत, आणि तुझ्या विषयाचं अडतं तिथं ती फार उपयोगी पडायची नाही. त्यासाठी हळहळू नकोस.

शोधगंगा मात्र बघच. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथं आहेत, मराठवाड्यातल्या विद्यापीठांचेही. तुझा विषय कोणी आधी केलाय का ते कळेल. प्रबंधाचा दर्जा कसाही असो, मागची संदर्भसूची चाळ, तिच्यातून रस्ता फुटतो. वाक्यं उचलू नकोस. पकडली जाशील म्हणून तर नकोच, पण ती वाक्यंही बहुधा त्यानं दुसऱ्याकडून उचललेली असतात.

ग्रंथालयात गेलीस की एक गंमत दिसेल. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी पुस्तकं ड्युईच्या दशांश पद्धतीनं लावतात. त्यात २००चा सगळा शेकडा धर्माचा. पण २२०पासून २८९पर्यंत एकटा ख्रिस्ती धर्म पसरलेला, आणि उरलेलं जग २९०च्या दहात कोंबलेलं. बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६, इस्लाम २९७. नामदेवांची गाथा बहुधा यात नसतेच, ती ८९१.४६मध्ये, मराठी साहित्यात. म्हणजे तुझे मराठी नामदेव एका खोलीत आणि पंजाबातले भगत नामदेव दुसऱ्या खोलीत. आजोबांच्या आधी ड्युई साहेबांनीच नामदेवांचे दोन करून ठेवलेत! डिजिटल सूच्याही हेच आकडे वापरतात, तेव्हा दोन्ही आकड्यांनी शोध.

चॅटबॉटला विचारायचा मोह होईल. समजून घ्यायला विचार, भाषांतराला मदत घे. संदर्भ मागू नकोस. तो इतक्या सभ्यपणे नसलेला ग्रंथ देतो, लेखक, साल, प्रकाशक सगळ्यासकट, की माझ्यासारखी चाळीस वर्षं पुस्तकांत घालवलेली बाईसुद्धा एकदा कपाटापर्यंत उठून गेली होती.

रूममेटला सांग : इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेनं १९५४-५६च्या रंगूनच्या सहाव्या संगायनेतलं, म्हणजे भिक्खूंच्या पाठ-सभेतलं, सगळं पाली तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत मोफत ठेवलंय. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या अकराव्या खंडात आहे, इंग्रजी पाठ कोलंबिया विद्यापीठाच्या वेबसाइटवरही आहे. तिपिटक आणि हा ग्रंथ शेजारी-शेजारी उघडून वाचायची सवय तिनं लावून घ्यावी, बाबासाहेबांनी मूळ सुत्तांतलं काय घेतलं आणि काय मुद्दाम सोडलं ते तिथं दिसतं. बाकी तिनं स्वतंत्र पत्र लिहावं, ता.क.मध्ये धम्म मावायचा नाही.

आता आजोबा आणि बाड.

आजोबांशी वाद घालू नकोस. संध्याकाळी हरिपाठ झाला की त्यांच्याजवळ बस आणि अंग ४८५वरची ती ओळ वाचून दाखव. कुठली आहे ते आधी सांगू नकोस. ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. नंतर सांग कुठली ते, आणि मग काय म्हणतात तेही लिहून घे. ही रीतसर मुलाखत होते. वर तारीख आणि गाव टाक, वापरू का म्हणून विचार, आणि संदर्भांच्या यादीत वेगळ्या मथळ्याखाली दे. त्यांनी नको म्हटलं तर नको.

बाड मात्र सरांना सांगितलंस का? सांगितलं नसशील. ख्रिश्चन ली नोव्हेत्स्के यांचा नामदेवांवरचा २००८चा इंग्रजी ग्रंथ आहे, कीर्तनकारांची बाडं हाच त्यातला एक मोठा आधार आहे. विनांद कालेवार्त आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ साली नामदेवांची हिंदी पदं हस्तलिखितांवरूनच संपादली. जगातले अभ्यासक ज्याच्यासाठी पायपीट करतात ते तुझ्या घरात फडक्यात बांधलेलं आहे, आणि तू पुण्याचं खोलीभाडं मोजत बसलीस. त्यात नामदेवांचं काही असेल, नसेलही. एखादा हिशोब, एखादी आरती, कोणाच्या तरी जन्माची नोंद निघेल. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि शके आहे का ते सगळ्यांत आधी बघ.

फोटो आजोबांसमोर काढ, ओसरीवर, सकाळच्या उजेडात. ऊन थेट पडू देऊ नकोस आणि फ्लॅश लावू नकोस. हात धुऊन कोरडे कर, थुंकी लावून पान उलटायचं नाही. शेजारी फूटपट्टी ठेव, म्हणजे आकार कळेल. कोरी पानंही सोडू नकोस, फायलींना पानाच्या क्रमानं नाव दे, आणि एक प्रत फोनबाहेर कुठंतरी ठेव. फडकं सोडताना गाठ कशी होती त्याचाही एक फोटो घे, नाहीतर आजोबांना परत बांधताना तशी जमायची नाही.